आकडा खरा, छपाई खोटी

सुतावरून स्वर्ग गाठतात असे म्हणतात. मला तेवढ्या लांब जायचे नाही, संगणकापर्यंतच जायचे आहे. पण निघायचे मात्र सुतापासूनच. कारण मी राहतो कबनूरला, इचलकरंजीला लागून. आमच्या गावात रात्री मागांच्या खडखडाटाने कुणाची झोप मोडत नाही; वीज जाऊन माग थांबले, की मोडते. तेव्हा इथल्या माणसाला सूत म्हणजे काय ते सांगायला नको.

चाळीस हा आकडा घ्या. सुताच्या कोनावर नुसता ‘४०’ एवढाच आकडा आहे, पुढचे अक्षर पुसले गेले आहे. हे सूत किती जाड? कापसाच्या सुताचा हिशेब काउंटाने होतो. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्याचा काउंट. म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक. कृत्रिम धाग्याचा हिशेब डेनियरने होतो. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. तिथे आकडा वाढला की धागा जाड. ४० काउंटचे सूत डेनियरमध्ये मांडले तर जवळजवळ १३३ भरते, आणि ४० डेनियरचा धागा काउंटात मांडला तर तोही १३३ च्या आसपास जातो. आकडा एकच, पण एका वाचनाने ते नेहमीचे सूत, आणि दुसऱ्या वाचनाने त्याच्या तिपटीहून बारीक. आकडा खोटा नाही, वाचणाऱ्याने रीत चुकीची धरली.

सुताचे एक बरे आहे. संशय आला तर ते बोटांत धरून चोळून पाहता येते. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, जे काही असते त्याला ही सोय नाही. तिथे सगळे बाइट. एका बाइटात ० ते २५५ यांपैकी एक आकडा, बस्स. ६५ हा आकडा असलेला बाइट हा कुणाच्या परीक्षेतले गुण आहेत, की इंग्रजी ‘ए’ हे मोठे अक्षर आहे, की एखाद्या पत्त्याचा तुकडा आहे, हे त्या बाइटावर कुठेही लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याला बाहेरून सांगावे लागते.

सी नावाच्या संगणकभाषेत हे सांगण्याचे काम छपाईच्या वेळी काही खुणा करतात. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली, आणि ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर लिहिलेले तिचे पुस्तक १९७८ साली निघाले. या भाषेत पडद्यावर काही छापायचे तर प्रिंटएफ या फंक्शनला आधी एक मजकूर द्यायचा. त्या मजकुरात जिथे जिथे किंमत यायची, तिथे टक्क्याची खूण आणि तिला चिकटून एक अक्षर. हे भाषण मुळात कानांसाठी लिहिलेले, म्हणून मी त्या खुणांना टक्के-डी, टक्के-एस असे म्हणत जाईन. वाचतानाही तसेच समजावे. टक्के-डी म्हणजे साधा पूर्णांक. टक्के-एफ म्हणजे अपूर्णांक. टक्के-एस म्हणजे अक्षरांची ओळ. टक्के-पी म्हणजे पत्ता. आधी हा मजकूर, मग क्रमाने त्या त्या किमती.

आता यातली मेख पाहा. मजकुरात टक्के-डी आहे आणि पुढे प्रत्यक्षात दिला अपूर्णांक, किंवा दिला पत्ता, तर प्रिंटएफ तक्रार करत नाही. त्याला तक्रार करताच येत नाही. त्याच्याकडे किमती पोचतात त्या नुसत्या बाइटांच्या रूपाने, वर चिठ्ठी नसलेल्या कोनासारख्या. मजकूर म्हणतो टक्के-डी, म्हणून तो चार बाइट उचलतो, पूर्णांक म्हणून वाचतो, छापतो आणि मोकळा होतो. सी भाषेचे जे अधिकृत मानक १९८९ साली ठरले, त्यानेही या बाबतीत हात झटकले आहेत: खूण आणि किंमत जुळली नाही, तर काय होईल याची हमी नाही. काही होईल. कदाचित बरोबर छापूनही येईल, आणि हीच त्यातली वाईट शक्यता, असे माझे मत आहे.

याचे एक उदाहरण पैशांचे घेऊ, कारण पैशांकडे लक्ष लवकर जाते. एखाद्या यंत्रमाग संस्थेची वर्षाची उलाढाल बरोबर ५ कोटी रुपये आहे असे धरा. हिशेबात अपूर्णांकाची कटकट नको, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सगळे पैशांत ठेवले. चांगली सवय आहे ती. ५ कोटी रुपयांचे झाले ५०० कोटी पैसे. हा आकडा चार बाइटांत मावत नाही, कारण चार बाइटांच्या पूर्णांकाची मजल २१४ कोटींच्या थोडी पुढे संपते. म्हणून त्याने आठ बाइटांची जागा घेतली. सी भाषेत तिला लाँग लाँग म्हणतात. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे. बेरीज बरोबर, साठवण बरोबर. पण छापताना हाताच्या सवयीने लिहिले टक्के-डी.

नेहमीच्या यंत्रावर काय छापून येते? आठ बाइटांतले खालचे चारच वाचले जातात. ५०० कोटींतून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वजा होतात आणि पडद्यावर येतात ७० कोटी ५० लाख ३२ हजार ७०४ पैसे. म्हणजे ७० लाख ५० हजार ३२७ रुपये आणि वर ४ पैसे.

हा आकडा नीट पाहा. तो वेडावाकडा नाही, उणा नाही. वरचे ४ पैसे तर त्याला फारच खरेपणा आणतात. संस्थेच्या सभेत तो वाचून दाखवला तर नव्या सभासदाला काही खटकणार नाही. आणि कुणी शंका काढून प्रोग्रॅममधली बेरीज पुन्हा तपासली, तर बेरीज बरोबरच निघेल, कारण चूक बेरजेत नाहीच. आतला आकडा खरा आहे, छापील खोटा आहे. माझ्या वर्गातली मुले अशा वेळी दोन-दोन तास बेरजेची ओळ उलटीपालटी करीत बसलेली मी पाहिली आहेत. छापणारी ओळ ही त्यांना संशयाच्या पलीकडची वाटते. आपण डोळ्यांनी पाहतो ते छापलेले. मग तेच चुकीचे असेल हे मनात यायचे कसे?

आता पॉइंटरकडे वळतो. मुलांना या शब्दाची उगीचच धास्ती असते. पॉइंटर म्हणजे पत्ता साठवणारी जागा, याहून त्यात गूढ काही नाही. स्मृतीतल्या प्रत्येक बाइटाला घरक्रमांकासारखा क्रमांक असतो. तो क्रमांक जिथे लिहून ठेवला, तो पॉइंटर. आपल्याकडे पत्त्याचा क्रमांक म्हटला की पिनकोड आठवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सी भाषाही त्याच सुमाराची, हा निव्वळ योगायोग. इचलकरंजीचा पिनकोड ४१६११५. यातले पहिले तीन आकडे विभागापर्यंत नेतात, शेवटचे तीन टपालकचेरीपर्यंत. समजा कुणी फक्त शेवटचे तीनच वाचायचे ठरवले. ११५ हा आकडा खोटा नाही. पण त्यावरून पत्र कुठल्या जिल्ह्यात टाकायचे?

आजच्या ६४ बिटांच्या यंत्रात पत्ता आठ बाइटांचा असतो, आणि टक्के-डी वाचते चार. म्हणजे पत्त्याचा खालचा अर्धा भाग छापला जातो, तोही पूर्णांक समजून. त्यात वरचा बिट १ असला तर आकडा उणा येतो. मग मुले विचारतात, सर, पत्ता उणा कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. पत्ता उणा नसतोच. आपण अर्धा पत्ता चुकीच्या रीतीने वाचला, एवढेच.

पण ही खोड आली कुठून? तिला इतिहास आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राचाही आहे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर १९८७ साली निघाला आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतून त्याने वर्षानुवर्षे ठाण मांडले. तो १६ बिटांच्या काळातला. त्यात पूर्णांक दोन बाइटांचा आणि नेहमीच्या मांडणीत पत्ताही दोन बाइटांचाच. दोन बाइटांत ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक मावतात. तेव्हा पत्ता ६५५२४ असला, तर टक्के-डीने तो उणे १२ असा छापला जाई. म्हणून टक्के-यू, म्हणजे उणे चिन्ह न मानणारा पूर्णांक, ही खूण वापरायची रूढी पडली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून आपल्याकडच्या कित्येकांनी सी शिकली. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत पत्ते असेच टक्के-यूने छापलेले आहेत, ६५ हजारांच्या घरातले. त्या यंत्रावर आकडा ठीकच येत होता, त्यामुळे लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. पत्ता दोन बाइटांचा, वाचन दोन बाइटांचे. माप जुळत होते. यंत्र बदलले, पत्ता आठ बाइटांचा झाला, आणि टक्के-यू मात्र फळ्यावर तशीच राहिली.

याचा परिणाम मी एकदा पाहिला तो सांगतो. मी गणिताचा एम. ए.; संगणक माझ्या वाट्याला आला तो तासिकांच्या वाटपातून. पण परीक्षक म्हणून कुठे कुठे जावे लागते. अशाच एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकाची जर्नले चाळत होतो. पॉइंटरच्या प्रयोगाखाली ‘आउटपुट’ म्हणून प्रत्येकाने पत्ता लिहिलेला होता, आणि सगळ्यांचा पत्ता तोच, ६५ हजारांवरचा. प्रयोगशाळेतली यंत्रे नवी होती. त्यांच्यावर पत्ता असा येणे शक्यच नाही. शिवाय आजची यंत्रे सुरक्षेसाठी प्रोग्रॅमला दर वेळी नव्या जागी बसवतात, त्यामुळे एकाच मुलाने तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तरी पत्ता बदलतो. एका मुलीला विचारले, “तुझ्या पडद्यावर काय आले होते?” ती म्हणाली, “सर, काहीतरी मायनसमध्ये आले होते. पण पुस्तकात असे होते म्हणून हे लिहिले.”

त्या मुलीने पडद्यावर जे पाहिले ते खरे होते, म्हणजे तिच्या प्रोग्रॅमने खरोखर तेच छापले होते. त्यातूनच तिला या सगळ्या प्रकाराचा धागा सापडला असता. ते खोडून तिने जे लिहिले ते तिच्या यंत्रावर कधीच घडले नव्हते. आणि त्याला गुण मिळत होते. असो.

पत्त्यासाठी भाषेने स्वतंत्र खूण दिलेली आहे, टक्के-पी. मानकाप्रमाणे तिला ‘व्हॉइड’ जातीचा पॉइंटर लागतो, म्हणून पत्ता देताना तो त्या जातीचा करून द्यावा. पडद्यावर जे उमटते त्यात आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही दिसतात, कारण ते सोळाच्या पायावरचे लेखन आहे. दिसायला ओबडधोबड, पण पत्ता अख्खा.

उलट दिशेची चूक अधिक आडदांड. टक्के-एस ही खूण पत्ता मागते आणि त्या पत्त्यावर जाऊन अक्षरे वाचत सुटते, शून्य बाइट लागेपर्यंत. तिला पत्त्याऐवजी ६५ हा आकडा दिला, तर ती ६५ क्रमांकाच्या घरी जाते. ते घर आपल्या मालकीचे नसते. यंत्र तिथेच प्रोग्रॅमला बाहेर काढते. मुले अशा वेळी घाबरतात. मी म्हणतो, सुटलात! जी चूक दारातच ओरडते तिच्याइतकी सोयीची चूक दुसरी नाही.

गप्प राहणाऱ्या चुकीचा आणखी एक नमुना. एका पाळीत अडीच तास वीज नव्हती आणि कामगाराकडे माग होते ७. छापायचे: बंद तास २.५, माग ७. दोन्हीकडे टक्के-डी लिहिले. लिनक्सवर चालणाऱ्या नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रात फंक्शनकडे किमती पाठवताना पूर्णांक एका फळीवर ठेवतात आणि अपूर्णांक दुसऱ्या. टक्के-डी पाहते फक्त पूर्णांकांची फळी. तिथे पहिलाच सापडतो ७. झाले! बंद तासांपुढे छापले जाते ७, आणि मागांपुढे त्या फळीवर पुढे जो काही केर पडलेला असेल तो. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर हाच प्रोग्रॅम बंद तास ० सांगतो आणि माग १०७ कोटींच्या वर. चूक केली तासांपुढच्या खुणेत, पण मागांच्या आकड्याची खूण बरोबर असूनही तो बिचारा बुडाला. शिवाय यंत्र बदलले की चुकीचे रूपही बदलते, त्यामुळे ‘माझ्याकडे बरोबर येते’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून चालत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टक्के आणि एस यांच्या मध्ये टिंब देऊन १० लिहिले, की ओळीतले जास्तीत जास्त दहा छापा, असा अर्थ होतो. दहा काय? आपण म्हणतो अक्षरे. सी म्हणते बाइट. इंग्रजीत अक्षर एका बाइटाचे, म्हणून फरक कळत नाही. देवनागरी आज बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ या पद्धतीने साठवतात. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-उकारासह, तीन तीन बाइट घेते. ‘कबनूर’ म्हणजे क, ब, न, दीर्घ ऊकार आणि र. पाच चिन्हे, पंधरा बाइट. दहाची मर्यादा घातली की ‘कबन’ छापून होते आणि ऊकाराचा एक बाइट लोंबत राहतो. पडद्यावर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. यादीतली मराठी नावे अशी शेवटी फाटलेली दिसली, की लोक फाँटला शिव्या देतात. फाँटचा काही दोष नाही. मोजणाऱ्याने वेगळेच माप लावले.

हे सगळे फक्त वर्गातले आहे असे मात्र समजू नका. जून २०२१ मध्ये असे उघडकीस आले की एका विशिष्ट नावाच्या वाय-फायला जोडले, की आयफोनचे वाय-फायच बंद पडते. ते नाव म्हणजे नुसत्या टक्क्याच्या खुणा होत्या: टक्के-पी, मग चार वेळा टक्के-एस, शेवटी टक्के-एन. बाहेरून आलेले नाव कुठेतरी किंमत म्हणून न जाता थेट खुणांच्या मजकुराच्या जागी गेले होते. मग फोन त्या खुणा पाळू लागला आणि कधीच न दिलेल्या किमती शोधू लागला. यातली टक्के-एन ही तर छापत नाहीच. आतापर्यंत किती छापले तो आकडा दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवणे हे तिचे काम. पत्ता दिलेलाच नसेल तर ती कुठे लिहील? पुढच्याच महिन्यात कंपनीने दुरुस्ती काढली. तेव्हा परक्याने दिलेले नाव छापायचे तर आधी टक्के-एस लिहावे आणि मग ते नाव द्यावे. नाव सरळ प्रिंटएफच्या हाती कधी सोपवू नये.

प्रिंटएफ तपासत नाही, मग कुणीच तपासत नाही का? कंपायलर तपासू शकतो. मजकूर प्रोग्रॅममध्ये सरळ लिहिलेला असेल तर आजचे कंपायलर खुणा आणि किमती ताडून पाहतात आणि ‘वॉर्निंग’ म्हणून एक ओळ देतात. जीसीसी वापरत असाल तर आज्ञेत वजाची खूण, मोठा डब्ल्यू आणि त्याला जोडून ‘ऑल’ असे लिहावे; आणि ‘ऑल’ऐवजी ‘एरर’ असेही एकदा लिहिले, की वॉर्निंग आली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. मुले वॉर्निंग वाचत नाहीत. एरर नाही ना, मग चालू द्या, अशी समजूत. शिवाय ती ओळ इंग्रजीत असते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतली लांब ओळ दिसली की ती आपल्यासाठी नाहीच असे वाटते. वास्तविक तिच्यात दोनच गोष्टी असतात: खूण काय मागते आणि तुम्ही काय दिले. मी ती ओळ फळ्यावर लिहून तिचे मराठी करायला लावतो. तीन-चार वेळा केले की मुले स्वतः वाचू लागतात.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी आज एवढे करून पाहावे. लाँग लाँग जातीच्या चलात ५ वर नऊ शून्ये ठेवावीत. ते आधी टक्के-डीने छापावे, मग टक्के आणि डी यांच्या मध्ये दोन एल घालून छापावे. कंपायलर पहिल्या ओळीबद्दल काय म्हणतो ते आधी वाचावे, मग प्रोग्रॅम चालवावा, आणि वहीत दोन्ही आकडे पडद्यावर जसे आले तसेच लिहावेत.